किटलीची कडी

“किटलीची कडी काढ, मग पाठव,” असा हेमाचा मेसेज आला आणि रियाजने कडी काढली. म्हणजे पुसून टाकली.

हेमाला म्हणायचं होतं की ज्या चित्रांत कडी रेखाटायची राहून गेलीय तिथे ती काढ, रेघ ओढ, दाखव. रियाज वाघोलीच्या एका कॉलेजात ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होता आणि परीक्षेची फिल्म त्याने हाताने काढायला घेतली होती, एकेक चित्र करून. किटली चालायला लागली की तिच्या डोक्यावरची कडी डुलते, आणि डुलणारी कडी प्रत्येक चित्रात वेगळी काढावी लागते. निम्म्या चित्रांतच त्याचा हात भरून आला होता. उरलेल्यांचं काय करायचं या विवंचनेत असताना हा मेसेज आला. आपल्या मनातलं हिला न सांगता कळतं, असं वाटून तो थोडा वेळ नुसता खूश होऊन बसला. मग काढलेल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. मराठी भाषेने चित्र रेखाटायला आणि दात उपटायला एकच क्रियापद ठेवलं आहे. त्याची शिक्षा कधीतरी कुणाला तरी व्हायचीच होती.

आता कडी नसलेली, पोट सुटलेली, बाकदार तोटीची पितळी किटली कशी दिसते? बधन्यासारखी. मुसलमानाच्या घरात वजू करायला, हातपाय धुवायला जो तोटीवाला बधना असतो, तसा हुबेहूब. रियाजच्या घरी कसबा पेठेत मोरीच्या कट्ट्यावर एक होताच. त्याच्याच पाण्याने रोज तोंड धुणाऱ्या या पोराला तो स्वतःच्या चित्रात ओळखू आला नाही, कारण त्याच्या मनात ती किटली होती आणि किटलीच राहिली.

फिल्मचं नाव ‘पोचा’. गोष्ट साधी. एक गडू असतो. गडू चहूबाजूंनी गोल. त्याला पुढची बाजू नाही, मागची नाही. तो कुठे बघतोय हे कुणाला कळत नाही, त्यालाही नाही. धक्का लागेल तिकडे गडगडत जातो. मग त्याला एक किटली भेटते. किटलीला तोटी असते, म्हणजे तिला दिशा असते. ती वळली की कळतं, हिला तिकडे जायचंय. गडू तिच्या मागे लागतो, ओट्यावरून पडतो, त्याच्या अंगाला पोचा येतो. तो पोचा घेऊन तो उठून उभा राहतो तेव्हा पहिल्यांदाच कळतं की त्याचं तोंड कुठे आहे. पोचाच त्याचं तोंड. आणि ते कुणाकडे वळलेलं आहे, तेही.

ही कल्पना रियाजला सुचली ती अब्बांच्या कृपेने. जब्बारभाईंचं कसब्यात चष्म्याचं दुकान. मुलगा कॉमर्सला बसला, उठला. मोबाइल दुरुस्तीला बसला, उठला. दुकानात बसला आणि एका बाईला तिच्या नवऱ्याच्या नंबरचा चष्मा देऊन उठला. तेव्हा जब्बारभाई गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, “हा आमचा गडू आहे. कुठून बघा, सारखाच. तोंड कुठं, पाठ कुठं, काही कळत नाही.” गिऱ्हाइकं हसली. रियाजने ते वाक्य गिळलं आणि पुढे त्याचीच फिल्म केली. ज्याला घरात दिवसरात्र ‘तुझं काय होणार’ एवढंच ऐकायला मिळतं, तो एकतर बिघडतो किंवा चित्रं काढायला लागतो. घरच्यांच्या मते दोन्ही एकच.

आणि किटली कोण, तर हेमा. हेमा नारायण पेठेतली, त्याच कॉलेजात ध्वनीचं शिकणारी. फिल्ममधला सगळा आवाज तिचा. भांडी बोलत नाहीत, नुसती वाजतात. ती सगळी वाजवणूक हेमाने घरच्या भांड्यांतून रेकॉर्ड केली होती. वाघोलीहून परतताना रियाज तिच्या स्कूटीवर मागे बसे. ती रस्ता कुणाला विचारत नसे, सांगत असे. परीक्षा झाली की बेंगळुरूच्या एका स्टुडिओत तिची नोकरी ठरलेली होती. रियाज तिला मनातला एक शब्द बोललेला नव्हता. जे बोलायचं ते त्याने पोचा पडलेल्या गडूच्या तोंडी, म्हणजे खरं तर पोच्यात, घालून ठेवलं होतं. कॉलेजच्या हॉलमध्ये अंधारात तिच्या शेजारी बसून फिल्म बघायची आणि दिवे लागले की विचारायचं, एवढंच त्याने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं. हेमा आवाज टाकत होती. अर्थ विचारत नव्हती.

फिल्मचा छोटासा तुकडा रियाजने घरी दाखवला आणि अम्मीने, नजमाबींनी, कौतुकाने तो आपल्या भावाला पाठवला. “देख, मेरे बेटे ने बर्तनां को चलना सिखाया.” सिराजमामू माणूस चांगला, पण त्याचा अंगठा त्याच्या ताब्यात नाही. त्याने तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. इकडे हेमाने घरी दाखवला तर तिच्या कुसुमआत्याने तो सोसायटीच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत कसबा आणि नारायण या दोन पेठांना एकाच वेळी एकच गोष्ट कळली होती, जे सहसा होत नाही.

मोहल्ल्यातल्या लोकांनी तोटी पाहिली. हा तर बधना. आणि तो समोरचा? तो गडू तांब्याचा होता आणि उजेड पडून तो चकाकतो हे दाखवायला रियाजने त्याच्या पोटावर तीन आडव्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. चित्रकार चकाकी अशीच दाखवतात. पण कपाळावर भस्माचे तीन पट्टे बघत वाढलेल्या शहराला त्यात चकाकी कशी दिसावी? म्हणजे आपली पोरगी, आणि ती चाललीय एका भस्म लावलेल्या गडूबरोबर. बधना हा शब्द पुल्लिंगी आहे, त्याची पोरगी कशी झाली, हे कुणीच विचारलं नाही. नारायण पेठेनेही तेच पाहिलं आणि उलटं वाचलं. आमचा साधाभोळा गडू त्या बधन्याच्या नादी लागून ओट्यावरून खाली पडतो, त्याला पोचा येतो, आणि तरी तो तिच्याचकडे बघतो. म्हणजे कुणाला काय सुचवायचंय?

मौज अशी, की दोन्हीकडच्यांना वाटत होतं की आपलंच काहीतरी पळवलं जातंय. भांड्यांच्या फिल्ममध्ये पळवण्यासारखं काय होतं? पण रोज सकाळी उठून जे लोक आपला अपमान कुठे झालाय का हे शोधायला बसतात, त्यांना तो चमच्यातही सापडतो. पूर्ण फिल्म कुणीच पाहिली नव्हती. पूर्ण पाहिली की मत द्यायला उशीर होतो.

चौथ्या हाताने तो तुकडा कॉलेजच्या संस्थापकांकडे, सर्जेरावांकडे गेला. सर्जेराव वाघोलीचेच, पूर्वी जिथे त्यांची वीटभट्टी होती तिथेच आता कॉलेज होतं. त्यांनी रियाज आणि हेमाला बोलावून घेतलं, बसवलं, उसाचा रस मागवला.

“पिच्चर लई ग्वाड हाय तुजा,” ते म्हणाले. “माज्या नातवानं दोनदा बगितला. पर मला काय कॉलेजच्या काचा मोजत बसायच्या न्हाईत.”

“सर, ती किटली आहे,” रियाज म्हणाला.

“आसंल. मला किटली दिसून काय उपेग? त्यांला बधना दिसतोय न्हवं?” त्यांनी रस संपवला. “दोन्हीकडचा एकेक वजनदार मानूस आन. कागदावर लिवून घे, आमची हरकत न्हाई म्हनून. सह्या झाल्या की पिच्चर लाव. न्हाई झाल्या तर डबा बंद, आन वरीस पुन्यांदा कर.”

हेमाने विचारलं, “आणि ज्याने फिल्म केलीय, त्याची हरकत असली तर?”

“त्येला कोन इचारतंय, पोरी,” सर्जेराव खरं ते बोलले.

बाहेर स्कूटीपाशी आल्यावर हेमाने मोबाइलवर तो तुकडा पुन्हा लावला, थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. मग म्हणाली, “कडी कुठाय?”

“काढली ना. तूच म्हणालीस.”

“अरे, मी काढ म्हणाले होते.”

“हो मग, काढली.”

“काढ म्हणजे काढ रे, काढून टाक नाही.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “मी कडीचा आवाज टाकलाय प्रत्येक पावलाला. किण्, किण्. मला वाटलं तू नंतर काढशील. आता कडी नाही आणि आवाज आहे.”

रियाजचा चेहरा पडला. वर्षाची मेहनत, सर्जेरावांचा कागद, सगळं बाजूला राहिलं. त्याला वाईट वाटलं ते याचं, की न सांगता कळतं म्हणून आपण जिच्यावर खूश झालो, तिने सांगूनही आपल्याला कळलं नव्हतं. आता दिवे लागल्यावर काय विचारणार होता तो? हेमाने किक मारली. “बस. दोन वजनदार माणसं शोधायचीत. मला एक माहितीय. घरीच आहे.”

वजनदार माणूस म्हणजे तिचे बाबा, अनंतराव. विमा कंपनीतून निवृत्त, सोसायटीचे सचिव, आणि त्यांनी सही केली की कुसुमआत्याच्या भजनी मंडळाचीही झाली असं धरलं जाई. दुसरा वजनदार माणूस शोधायला रियाजला लांब जावं लागलं नाही, मोहल्ल्यात जब्बारभाईंच्या शब्दाला मान होता. फक्त घरात रियाजला त्यांच्याशी बोलायची सवय नव्हती. त्याने अम्मीमार्फत विचारलं. उत्तर अम्मीमार्फतच आलं: रविवारी, दुकानात, शटर अर्धं ओढून.

अनंतराव आणि जब्बारभाई एकमेकांना अनोळखी नव्हते. अनंतरावांच्या नाकावरचा चष्मा जब्बारभाईंच्याच दुकानातला; त्यांच्या वडिलांचाही तिथलाच होता. इतक्या वर्षांत दोघांत नंबर आणि फ्रेम यापलीकडे कधी बोलणं झालेलं नव्हतं, आणि त्यामुळेच संबंध उत्तम होते. रविवारी दोघं काचेच्या कपाटाच्या दोन बाजूंना बसले. मागे भिंतीवर अक्षरांचा तक्ता. रियाज आणि हेमा दाराशी स्टुलांवर. लॅपटॉपवर सगळी फिल्म लागली. दोघांनी ती शेवटपर्यंत पाहिली, आणि पूर्ण शहरात असं करणारे ते पहिलेच.

“मुद्दा साधा आहे,” अनंतराव म्हणाले. “आमचा गडू आपल्या मुलीच्या मागे का जातो?”

“मी पण तेच विचारतो. तिला विचारलं का त्याने?” जब्बारभाई म्हणाले.

“अहो, तीच तोटी वळवून बघते त्याच्याकडे. नीट पाहिलंय मी.”

“बघणारच. हा दिवसभर मागे गडगडत असेल तर काय करील ती?”

“मग एक करा. ती तोटी काढा. मिटलं.”

“काढलीय काका,” दाराशी रियाज म्हणाला.

“काढलीय? ढळढळीत दिसतेय.”

“काढलीय म्हणूनच दिसतेय.”

हेमाला ठसका लागला. अनंतरावांनी या मुलाकडे एकदा बघून घेतलं आणि जब्बारभाईंना सांगितलं की नव्या पिढीशी मराठीत बोलण्यात अर्थ उरलेला नाही. जब्बारभाईंनी मान डोलावली. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं एकमत.

मग बोलणी रंगली. मुलाचा बाप एकीकडे, मुलीचा बाप दुसरीकडे अशी बैठक दोन्ही पेठांनी पुष्कळ पाहिलेली. रीत दोघांच्याही अंगात होती, आणि एकदा रीतीत शिरलं की माणूस कशाबद्दल बोलतोय हे विसरतो. जब्बारभाई मुलीकडचे झाले होते. त्यांनी पाय सोडले, हनुवटी वर केली.

“मुलगा साधा आहे म्हणता, कबूल. पण करतो काय?” ते म्हणाले. “कुणी धक्का दिला की तिकडे. पुढचं काही ठरवलेलं नाही, मागचं काही मार्गी लावलेलं नाही. अशाच्या हातात कोण पोरगी देईल, अनंतराव?”

रियाज खाली बघू लागला. हे वाक्य त्याला पाठ होतं.

“हे मला मान्य नाही,” अनंतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. निवृत्त झाल्यापासून इतकं मनापासून भांडायला त्यांना मिळालं नव्हतं. “या वयात मुलं गडगडणारच. तुम्ही काय जन्मतः दुकानात बसला होता? मी स्वतः दोनदा नापास झालेलो आहे.” हेमाने मान वर केली, हे तिला नवीन होतं. “पोरगा पडला. पोचा घेऊन उठला. रडला नाही, कुणावर ढकललं नाही. त्यानंतर त्याला नेमकं कळलंय कुठे बघायचं. अहो, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. आपल्याला तर तो आवडला बुवा.”

 जब्बारभाईंनी लॅपटॉपवरच्या त्या थिजलेल्या गडूकडे पाहिलं, त्याच्या पोच्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग जरा नरमून म्हणाले, “आमची पोरगी पण कमी नाही. चालते कशी बघा. कुठं जायचं ते तिला ठाऊक आहे. असं कुणी आलं ना, तर ज्याला काही दिसत नाही त्यालाही वाट दिसते. मी तिला नावं ठेवतच नव्हतो. भीती वाटते एवढंच. लोक दोघांना सुखानं ओट्यावर बसू देणार नाहीत.”

“ते तर आहेच,” अनंतराव म्हणाले.

 इतका वेळ भांड्यांबद्दल चाललेलं बोलणं त्या एका वाक्यापुरतं भांड्यांबद्दल नव्हतं, आणि ते दोघांनाही जाणवलं असावं, कारण दोघंही घाईने तपशिलाकडे वळले. तेवढ्यात नजमाबी वरच्या घरातून चहा घेऊन उतरल्या. हातात पितळी किटली. जिन्याच्या प्रत्येक पायरीला तिची कडी वाजत होती, किण्, किण्.

जब्बारभाईंनी कान टवकारले. “हाच आवाज आहे फिल्ममध्ये.”

“कडी आहे ना तिला. म्हणजे होती,” हेमा म्हणाली. “ती किटलीच आहे, काका.”

मग सगळा खुलासा झाला. अनंतरावांनी तोडगा काढला, आणि इथे ‘काढला’चा अर्थ एकच होतो. रियाजने सगळ्या चित्रांत कडी रेखाटायची. ‘काढायची’ हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. गडूच्या पोटावरच्या तीन रेघांची एक तिरकी रेघ करायची. काम मोठं, दिवस थोडे, तेव्हा आवाजवाल्या मुलीने शेजारी बसून मदत करायची. “कुठेही बसा, उशीर झाला तरी चालेल, पण दोघं मिळून संपवा,” असं अनंतराव स्वतःच्या तोंडाने म्हणाले. जब्बारभाईंनी पेन दिलं. एकाने डावीकडे सही केली, एकाने उजवीकडे. कागदावर मजकूर एवढाच: गडूने आणि किटलीने एकत्र राहावं, आमची हरकत नाही.

हेमाने कागद उचलला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, चेन ओढली. ही मुलगी कुठलीही गोष्ट योग्य त्या क्रमाने करायची. मग म्हणाली, “बाबा, ती किटली मी आहे.”

नजमाबींच्या हातातली कडी एकदा वाजली आणि थांबली.

अनंतराव हसले, कारण त्यांना आधी वाटलं मुलगी विनोद करतेय. मग ते हसायचे थांबले. “बरं,” ते सावकाश म्हणाले. “आणि गडू कोण?”

 उत्तराची गरजच नव्हती. दाराशी स्टुलावर रियाज बसला होता. आजवर घरात, दुकानात, बसमध्ये तो नेमका कुठे बघतोय हे कधी कुणाला सांगता आलं नव्हतं. या घडीला ते खोलीतल्या चौघांनाही दिसत होतं.

जब्बारभाईंनी मुलाकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे, मग परत मुलाकडे. दिवे लागल्यावर विचारायचं असं रियाजने ठरवलं होतं. इथे दिवेही लागले नव्हते आणि विचारण्याआधीच उत्तर देऊन झालं होतं. त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा अब्बांनी त्याला ‘बोल की’ असं म्हटलं नाही.

अनंतराव मात्र आपण काय काय बोलून बसलो ते एकेक करून आठवत होते. नशीब लागतं. आपल्याला आवडला बुवा. दोनदा नापास. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, समोरच्या दोघांकडे बघितलं, परत काढला आणि काचेच्या कपाटावरून पलीकडे सरकवला.

“जब्बारभाई, हा नंबर चुकलाय तुमचा.”

जब्बारभाईंनी चष्मा उजेडाकडे धरला. एक डोळा मिटून या काचेतून पाहिलं, मग त्या. पुसायला काही नव्हतं तरी पुसला, आणि दोन्ही हातांनी परत दिला.

“नंबर बरोबर आहे, अनंतराव. हा लांबचा आहे,” ते म्हणाले. “जवळचं दिसायला दुसरा लागतो. माझ्याकडे पण नाहीये.”